अगादीर ते रॉटरडॅम, टोमॅटोच्या मागोमाग

सोमवार, अगादीर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात युरोपच्या बाजारात तीन देशांचा टोमॅटो शेजारी शेजारी असतो. मोरोक्कोचा हंगाम उताराला लागलेला, स्पेनचा माल अजून जोरात, आणि डच काचघरांतला नव्या लागवडीचा पहिला तोडा नुकताच सुरू. तिघांना एकाच फेरीत पाहायचे तर हाच काळ. म्हणून दक्षिणेत सुरुवात करायची आणि माल ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने उत्तरेकडे सरकायचे, असे ठरवून आम्ही अगादीरला उतरलो.

मनात प्रश्न एकच होता. नेदरलँड्समध्ये काचघरातला टोमॅटो हेक्टरी ५०० टन आणि त्याच्याही वर जातो. स्पेनच्या अल्मेरियात तो हेक्टरी शंभर टनांच्या आसपास राहतो. पाचपट पिकवणाऱ्याने खरे तर बाकीच्यांना कधीच बाजाराबाहेर काढायला हवे होते. तसे झालेले नाही. उलट गेल्या काही वर्षांत स्पेनला मागे टाकून पुढे गेला तो मोरोक्को, ज्याची हरितगृहे या तिघांत सगळ्यात साधी आहेत.

अगादीरच्या दक्षिणेला श्तूका नावाचा सपाट टापू आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला अँटी-अ‍ॅटलास डोंगर. समुद्रामुळे हिवाळ्यातल्या रात्री फार गार होत नाहीत, त्यामुळे हरितगृह तापवायची गरजच पडत नाही. खांब, तारा, वर प्लास्टिक, बाजूंना पांढरी माशी अडवणारी बारीक जाळी, एवढीच रचना. आत शिरल्यावर उकाडा जाणवतो, कारण जाळी बारीक असली की वारा खेळत नाही. तेवढ्याने फळधारणा घटते, म्हणजे उत्पादनही घटते. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि ते त्यांनी पत्करले आहे, कारण पांढऱ्या माशीबरोबर येणारा पर्णगुच्छ विषाणू त्याहून महाग पडतो.

ओळींमधून बायका चेरी टोमॅटो तोडत होत्या. सगळ्या प्रवासाचा अर्धा उलगडा मला वाटते इथेच झाला. मोठा गोल टोमॅटो तोडायला हात एकदा लांबवला की शे-दीडशे ग्रॅम हाती येतात. चेरीच्या एका फळाचे वजन १०-१५ ग्रॅम. तोडायला, निवडायला, छोट्या डब्यांत भरायला किलोमागे मजुरी कितीतरी जास्त लागते. मोरोक्कोत शेतमजुराचे कायद्याने ठरलेले किमान वेतन दिवसाला १० युरोंच्या आत आहे. स्पेनमध्ये हंगामी मजुराला २०२४ साली दिवसाला ५० युरोंहून अधिक द्यावे लागत होते, आणि नेदरलँड्समध्ये त्याच वर्षी तासाला १३ युरोंहून अधिक. ज्या पिकात हात जास्त लागतात ते पीक हात स्वस्त असलेल्या देशाकडे सरकले. हेक्टरी टनांच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

शिवाय युरोपीय संघाची टोमॅटोवरची आयात-व्यवस्था प्रवेश-किमतीवर चालते. माल त्या किमतीखाली आला की जकात बसते. चेरीचा भाव मुळातच वरचा, त्यामुळे ही अट त्याला सहसा अडत नाही. मोरोक्कोचा युरोपीय संघाशी झालेला २०१२ चा शेतमाल-करार आणि चेरीकडे वळलेली लागवड एकत्र पाहिली की देशाने आपले पीक किती विचाराने निवडले ते कळते.

संध्याकाळी पाण्याचा विषय निघाला. भूजल वर्षानुवर्षे खाली जात आहे. २०२२ मध्ये इथला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला, त्यातले काही पाणी अगादीर शहराला आणि काही शेतीला. असे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा महाग, म्हणून ते परवडते फक्त थोड्या पाण्यात जास्त पैसा देणाऱ्या पिकाला. आम्हांला शेत दाखवणारा कृषितज्ज्ञ म्हणाला, "हेक्टरला किती टन, हे इथे कोणी विचारत नाही. एक घनमीटर पाण्याला किती पैसे, ते विचारा." सबंध प्रवासात हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

मंगळवार, रस्त्यावर

दिवस प्रवासातच गेला. अगादीर ते टँजियर हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर, जवळजवळ सगळा महामार्ग. वाटेत शीत-ट्रकांची रांग कुठे तुटत नव्हती. टोमॅटोचे ट्रक १० ते १२ अंशांवर चालवतात, त्याखाली गेले तर फळाला थंडीची इजा होते, रंग नीट चढत नाही, चव उतरते. एका ट्रकमध्ये साधारण वीस टन माल. त्याचे भाडे, डिझेल, चालक, बोट यांचा खर्च शेतात हेक्टरी किती पिकले यावर अजिबात अवलंबून नाही. पाचपट पिकवा किंवा निम्मे पिकवा, ट्रकमधल्या प्रत्येक किलोवर तोच भार.

बुधवार, टँजियर मेड ते अल्मेरिया

टँजियर मेड बंदर २००७ मध्ये सुरू झाले आणि मोरोक्कोच्या भाजीपाल्याचे नशीब पालटले असे म्हणायला हरकत नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर. ट्रक बोटीवर चढतो, दीडेक तासात अल्जेसिरासला उतरतो. बंदरात कागदपत्रे, अंमली पदार्थांसाठी एक्स-रे तपासणी, वनस्पती-आरोग्याची तपासणी. चालकांचे सगळे लक्ष या रांगेकडे, कारण इथे गेलेला प्रत्येक तास शेवटी दुकानातल्या फळीवरच्या आयुष्यातून वजा होतो. शेतावर दोन टन जास्त काढण्यापेक्षा बंदरात अर्धा दिवस वाचवणे काही वेळा जास्त मोलाचे असते, आणि रस्ते-बंदरांवर सरकारने घातलेला पैसा हासुद्धा शेताच्या उत्पादकतेचाच भाग धरायला हवा, असे माझे मत तिथेच पक्के झाले.

अल्जेसिरासहून पूर्वेकडे अल्मेरिया. संध्याकाळी आद्राच्या पुढे आलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरापासून समुद्रापर्यंत पांढरे प्लास्टिक सुरू झाले. अल्मेरिया प्रांतात ३० हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र हरितगृहाखाली आहे. अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत हा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो.

गुरुवार, एल एहिदो

आजचा दिवस सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शिकवणारा.

हा भाग युरोपातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी आहे. वर्षाला पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, ऊन मात्र जवळजवळ ३,००० तास. जमीन खडकाळ, खारवट. १९५० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी वाळूच्या आच्छादनाची पद्धत पसरवली: खाली बाहेरून आणलेली चिकण माती, तिच्यावर शेणखताचा पातळ थर, त्यावर आठ-दहा सेंटिमीटर वाळू. वाळू बाष्पीभवन अडवते, मूळ क्षारांपासून वाचते, रात्री ऊबही धरते. १९६३ मध्ये पहिले प्लास्टिकचे हरितगृह उभे राहिले, तेही द्राक्षाच्या मांडवाच्या तारांवर प्लास्टिक ताणून. आजची बहुतेक हरितगृहे त्या मांडवाचीच सुधारलेली आवृत्ती आहेत.

शेत पाहिले ते एका कुटुंबाचे, दोन हेक्टरांचे. इथले सरासरी शेत साधारण एवढेच. नवरा-बायको आणि चार मजूर, मजुरांतले दोघे मोरोक्कोचे. आत ढोबळी मिरची होती. मी टोमॅटो पाहायला आलो होतो हे कळल्यावर मालक म्हणाले, "टोमॅटो मी सोडला. मोरोक्कोच्या भावाला टोमॅटो विकून मला इथली मजुरी देता येत नाही." आणि ते एकटे नाहीत. अल्मेरियात टोमॅटोचे क्षेत्र घटत गेले, ढोबळी मिरचीचे वाढले.

मिरचीतच का टिकले? एक तर मिरचीला टोमॅटोइतकी बगलफूट काढावी लागत नाही, वेल उतरवत बसावे लागत नाही, म्हणजे किलोमागे हात कमी. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. २००६ च्या शेवटी जर्मनीत स्पॅनिश मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या बंदी असलेल्या कीडनाशकाचे अंश सापडले. खरेदीदारांनी पाठ फिरवली. त्यानंतर फार थोड्या हंगामांत इथल्या मिरचीने फवारणीवरून मित्रकीटकांकडे उडी घेतली. फुलकिड्यांसाठी ओरियस नावाचा ढेकण्या, पांढरी माशी आणि फुलकिडे दोघांसाठी स्विर्स्की नावाचा भक्षक कोळी. झाडाच्या फांदीवर कागदी पाकिटे लटकलेली, त्यांतून कोळी बाहेर पडतात. मिरचीचे फूल परागाने भरलेले असते, कीड नसली तरी कोळी परागावर जगतो, म्हणून हे या पिकात फार चांगले जमले.

उत्पादनाचा आकडा यामुळे फारसा उडाला नाही. पण विकता येणारे उत्पादन वाढले. हा फरक मला वारंवार सांगावासा वाटतो. झाडावरून उतरलेला माल आणि खरेदीदाराच्या दारातून आत घेतलेला माल यांच्यातले अंतर हीच निर्यातीतली खरी गळती आहे. अंश सापडला म्हणून परत आलेला एक ट्रक शेतातल्या कित्येक दिवसांचे काम पुसून टाकतो. २०११ च्या मे महिन्यात तर काही दोष नसताना हे घडले. जर्मनीत ई-कोलायची जीवघेणी साथ आली, हॅम्बुर्गमधून बोट स्पॅनिश काकडीकडे दाखवले गेले, आणि पुढच्या दिवसांत अल्मेरियात काकडी ढिगाने फेकली गेली. नंतर उगम सापडला मेथीच्या मोडांत. काकडी निर्दोष ठरली तोवर हंगामाचा शेवट हातचा गेला होता. मालकांच्या बायकोने ते दिवस सांगितले तेव्हा त्यांचा आवाज बदलला. इतक्या वर्षांनीही.

मग हेक्टरी शंभर टनच का, हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर त्यांनी छपराकडे बोट दाखवून दिले. ऑगस्टमध्ये रोप लावताना छपरावर चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून मारतात, नाहीतर आत रोप भाजते. म्हणजे ऊन एवढे असूनही ते मुद्दाम बाहेर ठेवावे लागते. हिवाळ्यात पांढरा थर धुतात, पण तापवण्याची सोय नसते, रात्री आतले तापमान आठ-दहा अंशांवर येते, परागण मंदावते. झरोके बंद ठेवले तर ऊब राहते, पण झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन संपवतात आणि वाढ थांबते. झरोके उघडले तर ऊब जाते. तापवले, कार्बन डायऑक्साइड सोडला, चांगले छप्पर घातले तर उत्पादन वाढेल हे त्यांना पूर्ण माहीत आहे. त्यांनी बारीक हिशेब केला आहे: वाढलेल्या प्रत्येक किलोचा खर्च डिसेंबर-जानेवारीच्या भावात निघायला हवा, आणि तो दर वर्षी निघत नाही. कमी उत्पादन हे इथे अज्ञानातून आलेले नाही. फुकटच्या उन्हावर, कमी भांडवलात, किलोचा खर्च जिथे सर्वांत कमी बसतो तिथे ते थांबले आहेत.

शुक्रवार, लिलाव आणि पाणी

सकाळी एका लिलावगृहात गेलो. भाव वरून खाली उतरतो, पडद्यावर आकडा घसरत जातो, खरेदीदार बटण दाबून थांबवतो. शेतकरी मागे उभे राहून पाहत होते. याच मालासाठी सहकारी संस्थांची वेगळी व्यवस्था आहे, त्या आगाऊ करारावर युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांना माल देतात. दोन हेक्टरांच्या शेतकऱ्याला वर्षभर एकाच प्रतीचा माल देता येत नाही, पण हजारभर शेतकऱ्यांचा माल एकाच प्रतवारी-केंद्रात आला की येतो. रोज पाठवायची हमी हवी असलेल्या ग्राहकाला एकट्या शेताच्या उत्पादकतेत रस नसतो.

दुपारी बालेर्माजवळचा समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प बाहेरून पाहिला. भूजलाचा उपसा इतका झाला की काही ठिकाणी समुद्राचे पाणी आत शिरले. शेतकरी विहिरीचे आणि समुद्राचे पाणी मिसळून ठिबकला देतात. चार दिवसांपूर्वी अगादीरला ऐकलेलेच गणित इथेही. स्पर्धक दोन्ही किनाऱ्यांवर एकच पाणी विकत घेऊ लागले आहेत, आणि जसजसा तो भाव सारखा होईल तसा हिशेब पुन्हा मजुरीवर येईल, असे मला दिसते.

शनिवार, पेर्पिन्याँ

स्पेनची सीमा ओलांडली की फ्रान्समधले पहिले मोठे शहर. इथल्या साँ-शार्ल या घाऊक केंद्रात मोरोक्को आणि स्पेनचा माल उतरतो, तपासला जातो, पुन्हा भरून पुढे जातो. आम्ही थोडाच वेळ थांबलो. एकाच गोदामात दोन्ही देशांचे खोके पाहिले, आकार सारखा, डबे सारखे, लहान अक्षरांतल्या देशाच्या नावापलीकडे काही फरक नाही.

रविवारी फ्रान्स आणि बेल्जियम ओलांडत गाडीतच होतो.

सोमवार, वेस्टलँड

हेग आणि रॉटरडॅमच्या मधे, समुद्राला लागून, काचेचे गाव. ज्या काचघरात गेलो तिथे पहिल्यांदा दिसले छपरावर सरकणारे धुण्याचे यंत्र. अल्मेरियात छप्पर पांढरे करतात, इथे काच धूत राहतात. डच उत्पादकांचा ठोकताळा असा की एक टक्का प्रकाश म्हणजे एक टक्का उत्पादन. डिसेंबरात इथला दिवस आठ तासांहूनही लहान, तोही ढगाळ, म्हणून काचेवरच्या धुळीलाही किंमत.

आत मातीचा कण नाही. रॉकवुलच्या, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या, पट्ट्यांवर झाडे, निचऱ्याचे पाणी गोळा करून निर्जंतुक करून पुन्हा त्याच झाडांना. मोकळ्या शेतात किलोभर टोमॅटोला ६० लिटरच्या आसपास पाणी लागू शकते, निचरा पुन्हा वापरणाऱ्या अशा काचघरात ते पंधरा लिटरांच्या आसपास येते. ओळींमधल्या गरम पाण्याच्या नळ्याच रुळाचे काम करतात, त्यांवरून तोडणीची गाडी सरकते. वेल सुतळीवर टांगलेला, खालून पाने काढत उतरवत नेतात, हंगामाच्या शेवटी खोड दहा मीटरांहून लांब झालेले असते. परागण भुंग्यांकडे, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. गॅसवर जनित्र चालते: वीज विकायची किंवा दिव्यांना द्यायची, उष्णता झाडांना, आणि धुरातला शुद्ध केलेला कार्बन डायऑक्साइडही झाडांना. काही काचघरांना तो रॉटरडॅमजवळच्या पेर्निसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून नळाने येतो.

हे सगळे पाहून छाती दडपते. म्हणूनच इथल्या ज्येष्ठ उत्पादकाने जी गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती मला मोलाची वाटली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डच टोमॅटोचे उत्पादन जोरात वाढत होते, फळ एकसारखे, टिकाऊ, भरपूर. आणि जर्मन ग्राहकाने त्याला पाण्याचा फुगा म्हणायला सुरुवात केली. सर्वांत मोठी बाजारपेठ हातची निसटू लागली. जाती निवडल्या होत्या वजनासाठी आणि टिकण्यासाठी, चवीला कोणी विचारलेच नव्हते. लिलावात सगळ्यांचा माल एकत्र होऊन जात असे, चांगल्या चवीच्या शेतकऱ्याला वेगळा भाव मिळायची सोय नव्हती. मग चवीच्या जाती आल्या, देठासकट घोस विकायची पद्धत आली, लहान फळांचे प्रकार आले. लिलावसंस्थाही बदलल्या, १९९६ मध्ये नऊ लिलावसंस्थांनी एकत्र येऊन विक्रीसंस्था उभारली. लहान फळांच्या जातीत दर चौरस मीटरला मोठ्या टोमॅटोच्या निम्मेही किलो निघत नाहीत. म्हणजे उत्पादन कमी करून त्यांनी बाजार परत मिळवला.

त्यांच्याकडूनच मला पाचपटीचा हिशेबही नीट कळला. खर्चाचे दोन भाग. काच, जमीन, संगणक, कर्जाचे व्याज हे ठरलेले. उत्पादन वाढले की हा भाग जास्त किलोंवर पसरतो. दुसरा भाग गॅस, तोडणी, खोके, वाहतूक. तो किलोंबरोबर वाढतच जातो. अधिक उत्पादन पहिल्या भागालाच पातळ करते. ज्याचा पहिला भाग मुळातच लहान आहे, त्या अल्मेरियाच्या शेतकऱ्याला पाचपट पिकवायची तितकी निकड नाही. डच शेतकऱ्याला मात्र पाचपट पिकवल्याशिवाय जगताच येत नाही.

आणि दुसरा भाग कसा उलटतो ते २०२२ ने दाखवले. ऑगस्टमध्ये युरोपातल्या घाऊक गॅसचा भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. ज्यांचे जुने करार होते ते निभावले. बाकीच्यांनी हिवाळ्यात दिवे बंद ठेवले, लागवड पुढे ढकलली, काहींनी काचघर रिकामे ठेवले. जगातली सर्वोच्च उत्पादकता असलेली काच, आत काहीच नाही. त्याच हिवाळ्याच्या शेवटी स्पेन आणि मोरोक्कोत थंडीने माल उशिरा आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या दुकानांत गिऱ्हाइकामागे दोन-तीन नगांची मर्यादा लागली.

मंगळवार, बारेंद्रेख्त

रॉटरडॅमला खेटून असलेल्या या गावात भाजीपाल्याच्या व्यापारी कंपन्यांची गोदामे आहेत. नेदरलँड्सच्या निर्यातीतला बराच माल स्वतःच्या शेतातला नसून बाहेरून येऊन पुन्हा बाहेर जाणारा असतो, ते इथे डोळ्यांनी दिसते. एका ओळीवर डच घोस-टोमॅटो, शेजारच्या ओळीवर मोरोक्कोची चेरी, पलीकडे अल्मेरियाची लाल-पिवळी-हिरवी मिरची एकाच पिशवीत भरली जात होती. गेल्या आठवड्यात हातात घेतलेल्या सगळ्या मालाशी इथे पुन्हा गाठ पडली.

इथल्या खरेदी-अधिकाऱ्याने संगणकावर वर्षाचे ५२ आठवडे दाखवले. प्रत्येक आठवड्याच्या खाली पीक, प्रत, देश आणि पोचता भाव, म्हणजे वाहतुकीसह गोदामात पडणारा भाव. नोव्हेंबर ते मार्चच्या रकान्यांत दक्षिणेची नावे, एप्रिलपासून डच नावे. मधे काही आठवडे असे की दोन्ही नावे एकमेकांवर येतात, आणि सगळी ओढाताण त्या आठवड्यांत. दिव्यांखाली हिवाळ्यातही पिकवणारा डच उत्पादक दक्षिणेच्या रकान्यात घुसतो, अल्मेरियाचा शेतकरी मेपर्यंत तोडणी लांबवून डचांच्या रकान्यात.

मी त्याला विचारले की कोणत्या शेताचे हेक्टरी उत्पादन किती आहे हे तुम्ही पाहता का. त्याने मान हलवली. तो पाहतो तीन गोष्टी: सोमवारी कबूल केलेला माल शुक्रवारी आला का, किती टक्के खोके नाकारावे लागले, आणि किलोचा पोचता भाव. वेस्टलँडच्या त्या उत्पादकाच्या टेबलावर काल याच भावाचा दुसऱ्या बाजूने मांडलेला कागद होता. जुने सोडियम दिवे काढून एलईडी बसवायचे का, याचा. वीज कमी लागेल, प्रकाश वाढेल, डिसेंबरातले किलोही वाढतील. पण ते किलो ज्या आठवड्यांत येतील त्या आठवड्यांत अगादीरची चेरी किती भावाने उतरेल, तो रकाना त्यांनी अजून पेन्सिलीने लिहिलेला होता.